सातारा हिल हाफ मॅरेथॉन आणि फॅमिली ट्रिप एकत्र – कोणी केलंय का?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी, ठाण्यात राहतो, दोनेक वर्षं नियमित पळतोय, वर्षा मॅरेथॉन आणि बाकी एक-दोन सपाट हाफ झाल्यात, वेळ सव्वादोन तासांच्या आसपास. यंदा साताऱ्याची हिल हाफ, म्हणजे घाटातली २१ किमीची रेस, करायची फार इच्छा आहे. आणि घरात कधीपासून कास, सज्जनगड, जमलं तर महाबळेश्वर अशी ट्रिप ठरत होती तर म्हटलं दोन्ही एकत्रच करू. बायको, दोन मुलं (एक चौथीत, एक सिनियर केजीत) आणि आई-बाबा असे सहा जण गाडीने जाणार, गाडी मीच चालवणार.

प्रश्न असे आहेत की रेस ट्रिपच्या सुरुवातीला ठेवावी का शेवटी? आईला सज्जनगडाला जायचंच आहे आणि तिथे पायऱ्या आहेत, रेसनंतर माझे पाय चालतील का? ठाण्यात चढाचा सराव कुठे करता तुम्ही? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बायकोने स्पष्ट सांगितलंय की सुट्टी सगळ्यांची आहे, तुझ्या एकट्याच्या रेसची नाही. तिचं म्हणणं मला पटतं, म्हणूनच विचारतोय की सगळ्यांना सुट्टी मिळेल आणि माझीही रेस नीट होईल असं काही जमवता येतं का. अनुभवी लोकांनी जरा सविस्तर सांगा.

पारसिकचा_चढ

दादा पहिली गोष्ट, सगळे चढाची काळजी करतात पण पाय जातात ते उतारावर. साताऱ्याचा रूट पोलीस परेड ग्राउंडवरून निघून शहरातून यवतेश्वरचा घाट चढतो आणि कासच्या रस्त्यावर वरती यू-टर्न घेऊन त्याच रस्त्याने खाली येतो. म्हणजे पहिला अर्धा भाग बहुतेक चढ आणि दुसरा अर्धा बहुतेक उतार. चढावर दम लागतो, मांड्या भरून येतात, पण चाल कमी केली की सावरतं. उतारावर मात्र दम लागत नाही म्हणून आपण सुसाट सुटतो आणि प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलून ब्रेक मारत असतो. स्नायूत बारीक बारीक इजा होते ती याने. आणि ती त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं. तुमच्या ट्रिपचं सगळं गणित या दोन दिवसांवर आहे.

४२ किमीच्या बोस्टन मॅरेथॉनचं बघा ना, तिथली प्रसिद्ध टेकडी हार्टब्रेक हिल साधारण ३२-३३ किमीच्या आसपास येते आणि उंचीला ती फार काही नाही. पण सुरुवातीचे बरेच किलोमीटर उताराचे असतात, तिथे वेगात गेलेल्या लोकांच्या मांड्या तोपर्यंत संपलेल्या असतात. त्या रूटचा एकूण उतार आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी आखणी यामुळे तिथली वेळ जागतिक विक्रम म्हणून धरतच नाहीत, २०११ ला केनियाचा जेफ्री मुताई २:०३:०२ मध्ये पळाला, तेव्हाच्या विक्रमापेक्षा फास्ट, तरी धरली नाही. म्हणजे उताराने वेळ मिळते हे खरंच आहे पण मांड्या तयार असल्या तरच.

सरावाचं म्हणाल तर मी नवी मुंबईचा, बेलापूरला पारसिक हिलवर जातो. पाम बीच रोड सगळा सपाट, तिथे कितीही पळा घाटाची तयारी होत नाही. खारघर हिल पण मस्त आहे पण पावसाळ्यात तिकडे बरेचदा बंदी असते, विचारून जा. तुम्हाला ठाण्यात येऊरचा डोंगर सगळ्यात उत्तम, उपवनकडून फॉरेस्टच्या गेटमधून वर गावापर्यंत जो रस्ता जातो त्यावर चढा आणि महत्त्वाचं म्हणजे पळत उतरा. बरेच जण चढ पळतात आणि उतार गप्पा मारत चालत येतात, त्याने अर्धा सराव वाया जातो. पावलं छोटी, कमरेतून मागे रेलायचं नाही, टाच पुढे आपटायची नाही. आठवड्यातून एकदा पुरे. एकदा उताराचा चांगला सराव झाला की पुढचे काही आठवडे स्नायू तेवढे दुखत नाहीत, हे शरीराचं खास आहे, म्हणून शेवटचा जोरदार उतार रेसच्या दोन-अडीच आठवडे आधी करा, त्यानंतर नको.

येऊरला अंधारात एकटे जाऊ नका, बिबट्याचा भाग आहे तो, आणि पावसात कडेला शेवाळ असतं.

संध्या_रनर

मी ठाण्यातलीच, कोलशेतला राहते, मी पळते आणि नवरा पळत नाही, त्यामुळे तुमच्या बायकोची बाजू मला रोज घरात ऐकायला मिळते, म्हणून लिहितेय.

सुरुवातीला का शेवटी? माझं ठाम मत सुरुवातीला. शेवटी ठेवली की पूर्ण ट्रिपभर तुम्ही "आज जास्त चालायला नको", "बाहेरचं नको", "लवकर झोपूया" असं करत राहणार, मुलांना कळत नाही बाबा सारखा नाही का म्हणतोय, आणि महाबळेश्वरला जाऊन मक्याचं कणीस खायला घाबरणारा माणूस कोणालाच नको असतो. शुक्रवारी पोचा, शनिवारी बिब (छातीवर लावायचा रेसचा नंबर) घ्या, रविवारी पळा आणि मग ट्रिप सुरू. शनिवारचा दिवस घरच्यांना आधीच सांगून ठेवा की हा आरामाचा दिवस आहे, बाबा आज हॉटेलवरच. आधी सांगितलं की राग येत नाही, ऐन वेळी सांगितलं की येतो.

दुसरं, रविवारी सकाळी मुलं कोणाकडे? हे गृहीत धरू नका. तुम्ही चारला उठणार, खुडबुड होणार, धाकटा जागा होणार आणि मग तिची झोप गेली. शक्य असेल तर त्या रात्री तुम्ही बाबांच्या खोलीत झोपा, कपडे, बिब, शूज सगळं रात्रीच बाहेर काढून ठेवा, मोबाइलचा अलार्म कंपनावर. आणि सोमवारची सकाळ पूर्ण तिची. मुलं तुमच्याकडे, आंघोळी, नाश्ता सगळं, ती दहा वाजेपर्यंत झोपो नाहीतर आरामात चहा पिवो. आमच्याकडे हा नियम पक्का आहे आणि त्यामुळेच मला दर वर्षी एखादी बाहेरची रेस करता येते.

तिसरं म्हणजे रेसच्या दिवशी गाडी लांब चालवायची नाही. घाटात क्लच दाबून दाबून डाव्या पायात असा गोळा येतो की गाडी बाजूला घ्यावी लागते. रविवारी संध्याकाळी तर खंबाटकीपासून पुण्यापर्यंत काय ट्रॅफिक असतो माहितीच आहे. बायको चालवत असेल तर तिला, नाहीतर त्या दिवशी साताऱ्यातच मुक्काम.

आणि हो, तारीख बघताना गणपती कधी आहेत ते आधी बघा!! रेस साधारण ऑगस्टअखेर-सप्टेंबरच्या दिवसांत असते, तुमच्या घरी गणपती बसत असेल तर नंतर धावपळ नको.

साताऱ्याची_माहेरवाशीण

माहेर सातारा, आता ऐरोलीला. वाचून बरं वाटलं की कोणीतरी घरच्यांना घेऊन येतंय, बहुतेक रनर शनिवारी रात्री येतात, पळतात आणि पेढे घेऊन दुपारी परत. आमच्या गावाने या रेसवर खूप जीव लावलाय, २०१५ ला गिनीज बुकात नाव गेलं तेव्हापासून तर अख्खं गाव रस्त्यावर असतं, ढोल-ताशे, म्हाताऱ्या बायका दारात उभ्या राहून टाळ्या वाजवतात. तुमच्या आई-बाबांना आणि मुलांना शहरातल्या भागात रस्त्याकडेला उभं करा, खरंच मजा येईल त्यांना. वर घाटात नको, सकाळी कासचा रस्ता गाड्यांना बंद असतो आणि वर धुकं-पाऊस असला तर लहान मुलं गारठतात.

रेस चालू असताना घरचे अजिंक्यताऱ्यावर जाऊ शकतात, गाडी बरीच वर जाते, किंवा शिवाजी महाराज संग्रहालय, तुमच्या चौथीतल्याला तर आवडेलच, चौथीत महाराजांचाच इतिहास असतो ना. वेळा मात्र आधी बघून घ्या.

कास सोमवारी किंवा मंगळवारी ठेवा. २०१२ ला युनेस्कोच्या यादीत आल्यापासून शनिवार-रविवार तिथे मुंगीला शिरायला जागा नसते, आठवड्यातला मधला दिवस निवांत. प्रवेशाचं बुकिंग ऑनलाइन करा. शिवाय पठार म्हणजे बाराशे मीटरवरचा सपाट सडा, त्यामुळे दुखऱ्या पायांनी हळूहळू चालायला उत्तम, पायऱ्या नाहीत. फुलांचा बहर सप्टेंबरात धरतो, ऑगस्टअखेर आलात तर कमी दिसतील पण हिरवळ आणि धुकं असतंच. मुलांना आधीच सांगा फुलं तोडायची नाहीत आणि वाफ्यात पाय टाकायचा नाही, ती फुलं जांभ्यावरच्या बोटभर मातीत येतात, पाय पडला की संपलं.

सज्जनगड मात्र बुधवारी. चढताना काही वाटणार नाही, उतरताना पायऱ्यांवर मांड्या लटपटतात. तोपर्यंत तीन दिवस झालेले असतील. आईंना घाई नाही ना? मग समर्थांच्या समाधीपाशी निवांत बसा, प्रसादाची वेळ साधा.

फिजिओ_ठाणे

वरचं सगळं बरोबर आहे, थोडी भर घालतो. रेसच्या आधी किंवा मधे पेनकिलर घेऊ नका, अगदी नेहमी डोकेदुखीला घेत असाल ती सुद्धा. घाम जात असतो, किडनीवर आधीच ताण असतो, त्यात आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी आणखी वाढतो. पाणी प्रत्येक स्टेशनवर ढसाढसा पिऊ नका, पावसाळी थंड हवेत तहान कमी असते आणि गरजेपेक्षा जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम खाली जातं, त्याने उलटी, गरगरणं, पुढे बेशुद्धी पण होऊ शकते. तहान लागेल तेवढं प्या आणि एखादं ओआरएसचं पाकीट नीट मापात कालवून ठेवा, अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट नको.

पायाची नखं तीन-चार दिवस आधी कापा. उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटतात आणि नखं काळी पडतात. लेस घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून घेऊन घट्ट बांधा म्हणजे पाय पुढे सरकणार नाही, पंजावर मात्र सैल. पाऊस असणारच, तेव्हा काखेत, मांड्यांमध्ये, छातीवर व्हॅसलीन भरपूर.

रेसनंतरच्या दोन दिवसांत झोपून राहू नका. सपाट चालणं, हॉटेलमध्ये कोमट पाण्याने आंघोळ, भरपूर झोप. जोरात मालीश करून घेऊ नका. दुखणं दोन्ही पायांत सारखं असेल तर नॉर्मल आहे, पण एकाच गुडघ्यात टोचल्यासारखं दुखत असेल किंवा सूज असेल, किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

घोडबंदरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. संध्याताईंचा सोमवार सकाळचा नियम बायकोला वाचून दाखवला, लगेच मान्य झाला आणि तिने त्यात भर घातली की मंगळवारची पण 😀. कास सोमवारी दुपारी, मंगळवारी नुसता आराम आणि मुलांना पोहायला, बुधवारी सज्जनगड, गुरुवारी परत. महाबळेश्वर काढून टाकलं, एवढ्या दिवसांत कोंबायला नको.

एक राहिलं, चारला उठून हॉटेलमध्ये काय खायचं? तिथे किचन तेवढ्या पहाटे उघडं नसणार. आणि चढावर चालायचं असेल तर कधी चालायचं, सुरुवातीपासून का दम लागल्यावर?

पारसिकचा_चढ

खाण्याचं घरून न्या. केळी शनिवारी साताऱ्यात घ्या, सोबत राजगिऱ्याचे लाडू किंवा ब्रेड-जॅम, जे तुम्ही रविवारच्या लाँग रनला खाता तेच, नवीन काही नको. शनिवारी रात्री साधा वरणभात, बटाट्याची भाजी. साताऱ्याची झणझणीत मिसळ रविवारी दुपारी.

चालायचं ते दम लागायच्या आधी. घड्याळातला पेस (दर किमीला लागणारा वेळ) बघूच नका घाटात, श्वासाकडे लक्ष द्या, शेजारच्याशी अर्धं वाक्य बोलता आलं पाहिजे. ते जमेनासं झालं की पन्नास-साठ पावलं ताठ, भरभर चाला, परत पळा. असे करणारे लोक वर पोचेपर्यंत पळत सुटलेल्यांच्या बरोबरच असतात आणि उतारासाठी पाय शिल्लक असतात. सपाटला सव्वादोन असेल तर पहिल्यांदा अडीच-पावणेतीन धरून चाला. यू-टर्ननंतर लगेच सुटू नका, पहिले दोन किलोमीटर आवरून, मग हळूहळू सोडा. आणि शेवटी शहरात सपाट लागतं तिथे पाय जड होतात, ते होणारच.

येत्या रविवारी आम्ही चार-पाच जण येऊरला येतोय, उपवन तलावापाशी सहाला, उजाडल्यावरच वर जातो. येताय का?

घोडबंदरकर

येतो नक्की. मोठ्या मुलाला पण आणू का, तो तलावापाशी बाबांबरोबर थांबेल?

पारसिकचा_चढ

आणा की. खाली चहा-पोह्यांच्या गाड्या असतात, त्यांचा वेळ छान जाईल. छत्री घेऊन या.