संचसिद्धांताचे जनक एकटे कँटरच का?

संचसिद्धांताचा, म्हणजे वस्तूंच्या समूहांच्या (संचांच्या) गणिताचा, उगम म्हणून गणितज्ञ जॉर्ज कँटर यांचा १८७४ सालचा निबंध दाखवला जातो आणि त्यांचे समकालीन गणितज्ञ रिचर्ड डेडेकिंड यांची बोळवण तळटीपेत होते. हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नैसर्गिक संख्या (१, २, ३…) आणि वास्तव संख्या (संख्यारेषेवरील सर्व संख्या) यांच्यात एकास एक संगती लावता येईल का, म्हणजे वास्तव संख्यांची पहिली, दुसरी, तिसरी अशी यादी करता येईल का, असे कँटर यांनी २९ नोव्हेंबर १८७३ च्या पत्रात डेडेकिंडना विचारले होते. त्याचे उत्तर डेडेकिंडना देता आले नाही. मात्र सर्व बैजिक संख्या, म्हणजे पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदींची मुळे, ओळीने मांडता येतात याची सिद्धता त्यांनी पाठवली. निबंधात ती अशी येते : बहुपदीच्या सहगुणकांची केवल मूल्ये आणि तिची कोटी (चलाचा सर्वांत मोठा घातांक) यांची बेरीज करून एक वजा केला की तिची ‘उंची’ मिळते. एका उंचीच्या बहुपदी मोजक्याच आणि प्रत्येकीची मुळेही मोजकीच असल्यामुळे उंची १, २, ३ अशा क्रमाने गेल्यास एकही बैजिक संख्या सुटत नाही. सिद्धता छापली गेली, डेडेकिंड यांचे नाव मात्र निबंधात कुठेच नाही.

प्रतिसाद १ : असहमत. श्रेय न देणे चूकच होते, पण तेवढ्याने जनकत्व वाटून घेता येत नाही. कँटर यांचा प्रश्न फारशा कष्टांच्या लायकीचा नाही, कारण त्याला व्यावहारिक महत्त्व नाही, असे डेडेकिंड यांनीच तेव्हा कळवले होते. कँटर यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही आणि ७ डिसेंबरला, अवघ्या आठवड्याभरात, वास्तव संख्यांची अशी यादी अशक्य असल्याची सिद्धता पाठवली. अनंतातही लहान-मोठे असते, हे तोवर कोणी सिद्ध केले नव्हते. शिवाय त्रिकोणमितीय श्रेणींवर (साइन-कोसाइनच्या अनंत बेरजांवर) काम करताना बिंदूंच्या अनंत संचांचा विचार ते १८७२ पासूनच करत होते.

धागालेखक : प्रश्न कँटर यांचाच, हे मान्य. परंतु अनंत संख्यांचा समूह ही एकच वस्तू मानून तिच्यावर गणिती क्रिया करण्याची रीत डेडेकिंड यांनी १८७१ मध्येच, आयडियलची (संख्यांच्या एका विशिष्ट प्रकारच्या समूहाची) संकल्पना मांडताना, वापरली होती. जो संच स्वतःच्याच एखाद्या उचित उपसंचाशी (काही घटक वगळून उरलेल्या भागाशी) एकास एक जुळतो तो अनंत, ही १८८८ सालची व्याख्याही त्यांचीच. आजचे गणित संचाच्या भाषेत लिहिले जाते, ते या वळणाने.

प्रतिसाद २ : त्याच १८८८ च्या पुस्तकात अनंत संच अस्तित्वात आहे हे दाखवण्यासाठी डेडेकिंड ‘माझ्या विचाराचा विषय होऊ शकणाऱ्या सर्व गोष्टीं’चा समूह घेतात, हे तुम्ही दोघांनीही लक्षात घेतलेले नाही. असे बेलगाम समूह घातक ठरतात, हे तर्कशास्त्रज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १६ जून १९०२ च्या पत्राने तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांना दाखवून दिले : स्वतःचे घटक नसलेल्या सर्व संचांचा संच स्वतःचा घटक आहे म्हटले तरी विसंगती, नाही म्हटले तरी विसंगती. कोणते संच बनवता येतील याचे नियम गणितज्ञ अर्न्स्ट झेर्मेलो यांनी १९०८ मध्ये घालून दिले आणि अनंत संचाचे अस्तित्व तर त्यांना सरळ गृहीतकच म्हणून घ्यावे लागले. त्यामुळे सिद्धांताचा जन्म १८७४ चा मानायचा की १९०८ चा, हा वाद मला अधिक मोलाचा वाटतो, आणि माझे मत १९०८ कडे झुकते.