ऑर्गनच्या साथीनं मूकपट: सोमवारी पॅरामाउंटला कोण कोण येणार?

प्रेषक: बॉथेल

सिएटल परिसरातल्या मराठी मंडळींना बॉथेलहून नमस्कार,

सिएटल डाउनटाउनच्या पॅरामाउंट थिएटरमध्ये सोमवारी रात्री मूकपट दाखवतात आणि साथीला तिथला वुर्लिट्झर कंपनीचा जुना ऑर्गन प्रत्यक्ष वाजवतात. मी आजवर तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा मध्यंतरात कुठे मराठी कानावर पडतंय का पाहिलं, पण नाही. आपल्याकडे नाटकाचा दौरा आला की तिकिटं हातोहात संपतात. मग इतकं जिवंत काही अर्ध्या तासावर होत असताना आपण तिथे नसावं, याचं फार वाईट वाटतं.

थिएटर १ मार्च १९२८ ला उघडलं. सुमारे २८०० खुर्च्या आहेत. नव्वदच्या दशकात त्याची रया गेली होती, तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये उपाध्यक्ष राहिलेल्या आयडा कोल यांनी १९९३ मध्ये ते विकत घेतलं आणि दुरुस्त करवलं. आपल्यातले निम्मे लोक त्याच कंपनीत आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

पुढच्या खेळाला एकत्र जाऊ या. वेस्टलेक स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं लागतात. येणाऱ्यांनी कळवावं.

प्रेषक: रेंटन

ताई, नमस्कार.

मी मुलाकडे आलोय, सप्टेंबरपर्यंत आहे. ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातला का? रंगमंचासमोर ऑर्गनवाले बसायचे, पायानं भाता चालू झाला आणि पहिला सूर भरला की पडदा वर जायच्या आधीच अंगावर काटा यायचा. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन असायचा हे वडिलांकडून इतक्या वेळा ऐकलंय की मी स्वतःच ऐकल्यासारखं वाटतं. तोच असेल तर मी नक्की येतो.

पण एक शंका आहे. चित्रपट मुका आणि दीड तास एकच वाद्य. मन लागतं का?

प्रेषक: बॉथेल

काका, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण पहिल्यांदा जाताना माझ्याही डोक्यात तोच ऑर्गन होता.

हा वेगळा. आपला ऑर्गन म्हणजे पायपेटीचंच भावंड, भात्याची हवा धातूच्या सुरांवरून जाते. इथे हजाराहून जास्त नळ्या आहेत. काही पेन्सिलीएवढ्या, काही सोळा फूट लांब. त्या रंगमंचाच्या बाजूच्या खोल्यांमध्ये, जाळीमागे असतात, दिसत नाहीत. वाजवणारा दाबतो ती पट्टी विजेनं खोलीला निरोप देते आणि पंख्यानं भरलेली हवा त्या नळीत सुटते. खोल्यांना झडपा आहेत. त्या पायानं उघडल्या की आवाज अंगावर येतो, मिटल्या की शेजारच्या घरात कोणी गातंय असं वाटतं. आत खरे ढोल, झांजा आणि घंटाही आहेत, त्याही हवेच्या जोरावरच वाजतात. म्हणजे वाद्य एक म्हणायचं, पण वाद्यवृंद म्हणूनच ते बनवलं गेलं.

मी बाजूच्या रांगेत बसले होते, तिथून वादकाचे पाय दिसत होते. चार ओळी पट्ट्या पायऱ्यांसारख्या एकावर एक, त्यांच्याभोवती घोड्याच्या नालासारखी रंगीत कळांची कमान. पातळ तळव्यांचे बूट घालून तो पायानंही सूर वाजवत होता आणि मान सतत वर, पडद्याकडे. समोर कागद फारसे नव्हतेच.

मूकपटांच्या काळातला विनोदी नट बस्टर कीटन याचा ‘द जनरल’ लागला होता. १९२६ चा चित्रपट, चित्रीकरण ओरेगनमधल्या कॉटेज ग्रोव्हला झालं, इथून गाडीनं चार-पाच तासांवर. त्यात जळत्या पुलावरून खरंखुरं इंजिन नदीत कोसळतं. इंजिन पुलावर चढलं आणि ऑर्गन थांबला. एवढ्या मोठ्या सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. पूल खचला आणि वादकानं पायाखालचा सगळ्यात खालचा सूर धरला. तो कानाला नीट ऐकूच येत नाही. खुर्चीच्या हातावर माझा तळवा होता, तिथे तो कळला. तबलजी नेमका समेवर आला की आपण नकळत मान हलवतो ना, तसं आजूबाजूचे लोक एकदम हलले.

मन लागतं का, याचं माझं उत्तर हे आहे.

आणखी एक, जे मला फार लागून राहिलंय. बोलपटाची लाट आणणारा ‘द जाझ सिंगर’ ऑक्टोबर १९२७ चा, आणि हे थिएटर उघडलं त्यानंतर पाच महिन्यांनी. ज्या कामासाठी ऑर्गन बसवला ते काम थोड्याच वर्षांत उरलं नाही. ठिकठिकाणचे असे ऑर्गन चर्चना विकले गेले, सुटे करून मोडीत निघाले. हा मात्र मूळ जागीच आहे. आतले चामड्याचे भाते वाळतात, फाटतात, ते हातानंच बदलावे लागतात. हे काम पुजेट साउंड थिएटर ऑर्गन सोसायटीतले हौशी लोक करतात. आपण तिकीट काढून बसलो तर त्यांच्या कष्टांना थोडा हातभार लागेल.

प्रेषक: रेडमंड

आम्ही तिघं येऊ. मुलगा सात वर्षांचा आहे. चित्रपटात मध्ये मध्ये येणाऱ्या संवादांच्या पाट्या त्याला भराभर वाचता येतील का?

प्रेषक: बॉथेल

कानात हळूच वाचून दाखवा, कोणी रागावत नाही. पाट्या कमीच असतात आणि मुलांना त्या फारशा लागतही नाहीत. गेल्या वेळी सगळ्यात मोठ्यानं हसणारी मुलंच होती.

प्रेषक: रेंटन

ताई, माझं एक तिकीट धरा. सूनबाई म्हणते तीही येणार.

तुमचं पत्र वाचल्यापासून एक विचार सुटत नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरला लागला. त्याच वर्षी बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी निघाली. आपल्याकडेही मूकपटांना पेटी-तबल्याची साथ असे. मग गणेशोत्सवात एका संध्याकाळी आपणच मूकपट का दाखवू नये?

माझ्या मनात ‘कालिया मर्दन’ आहे, १९१९ चा. कृष्ण झाली होती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, जेमतेम सात वर्षांची. सुरुवातीला ती कॅमेऱ्यासमोर नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग बघता बघता कृष्ण होते. रेडमंडच्या त्या मुलाच्या वयाची मुलगी! बराचसा चित्रपट शिल्लक आहे आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेला आहे. प्रत आणि परवानगीसाठी पत्र मी लिहितो. मी पुण्याचाच, परत गेलो की प्रत्यक्षही जाऊन येईन.

साथ मात्र रेकॉर्डची नको. कोणीतरी समोर बसून, पडदा बघत वाजवायला हवं.

प्रेषक: कर्कलंड

काका, माझ्याकडे आजोबांची पायपेटी आहे. दोन सूर बसलेत, भात्याला एक ठिगळ लावायचंय, बाकी ठणठणीत. मी नाट्यगीतांना साथ करतो, पण चित्र बघून कधी वाजवलेलं नाही. सोमवारी मी पॅरामाउंटला बाजूच्या रांगेतच बसेन, ताई बसल्या होत्या तिथे. वादक पडद्याकडे कधी बघतो आणि हात कधी थांबवतो, ते मला नीट पाहायचंय.

त्यानंतरच्या शनिवारी चार वाजता माझ्याकडे जमू. यमुनेच्या डोहाच्या प्रसंगापासून सुरुवात करू, तिथे काय वाजवायचं यावर दोन-तीन कल्पना आहेत. तबला कोणाकडे आहे?