येसचा 'टेल्स' आपण रॉजर डीनच्या चित्रामुळे सहन करतो का?

मिस्टर_मेलोट्रॉन
सरळ मुद्द्यावर येतो. येस या इंग्लिश प्रॉग-रॉक बँडचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' (१९७३) इतकी वर्षं टिकलाय तो त्यातल्या संगीतामुळे कमी आणि चित्रकार रॉजर डीनच्या कव्हरमुळे जास्त. शिव्या घाला, पण आधी पूर्ण वाचा.

डबल एलपी, चार बाजू, एका बाजूला एकच गाणं, सगळं मिळून ८० मिनिटांच्या वर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, येसचा गायक जॉन अँडरसनने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप वाचली, त्यात श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र असे शास्त्रांचे चार प्रकार दिलेत, आणि गड्याने ठरवून टाकलं की एकेका प्रकाराला एलपीची एकेक बाजू. तळटीप हां, आख्खं पुस्तक पण नाही. आपला कीर्तनकार पण एका अभंगावर दोन तास काढतो, पण त्याला पूर्वरंग कुठे संपवायचा ते कळतं. इथे कोणी थांबवणाराच नव्हता. खुद्द कीबोर्डवाल्या रिक वेकमनची तक्रार हीच होती की माल एका एलपीपेक्षा जास्त आणि दोन एलपींपेक्षा कमी, मग भर घालत बसले.

आता कव्हर बघा. उजाड पठार, त्यावरून पाण्यात असावेत तसे मासे चाललेत, मागे चिचेन इत्साचं मायन मंदिर, त्याच्या पाठी सूर्य, जमिनीवर पेरूमधल्या नाझ्काच्या रेषा, आणि खडक इंग्लंडमधले खरेखुरे, ब्रिमहॅम, एव्हबरी वगैरे. गेटफोल्ड (पुस्तकासारखं उघडणारं कव्हर) उघडून मांडीवर घेतला की चित्र दोन्हीकडे पसरतं आणि दुसऱ्या बाजूचा कंटाळा येत नाही. ते चित्र काढून घ्या आणि मग 'द रिमेंबरिंग' (तीच दुसरी बाजू) सलग ऐकून दाखवा.

अजून एक. १९८९ साली येसमधल्याच अँडरसन, ब्रुफर्ड (ड्रम्स), वेकमन आणि हाऊ (गिटार) यांनी अल्बम काढला तेव्हा 'येस' हे नाव वापरता येत नव्हतं, बेस वाजवणारा ख्रिस स्क्वायर दुसरीकडे. चौघांची आडनावं लावली, पण कव्हर कोणाचं? डीनचं. लोकांनी बघितलं आणि येसच समजून घेतलं. डीनचं चित्र म्हणजे येसचा आयएसआय मार्क आहे, आतला माल कसाही असो.

खालची_तार
मेलोट्रॉनराव, याला एका अल्बमचं उत्तर पुरे आहे, 'क्लोज टू द एज'. बाहेरून काय आहे त्यावर? हिरव्या रंगाच्या छटा आणि बँडचा लोगो, बस. डीनचं चित्र, ते डोंगरमाथ्यावरचं तळं आणि कडेवरून खाली पडणारं पाणी, ते आत गेटफोल्डमध्ये, म्हणजे दुकानात उभ्या माणसाला दिसतच नाही. आणि तरी १९७२ पासून आजपर्यंत येसचा सर्वात भारी अल्बम कुठला विचारलं की बहुतेक लोक डोळे मिटून तेच नाव घेतात.

उलटं पण घ्या. 'गोइंग फॉर द वन', १९७७, डीन नाही. हिप्नोसिस या कव्हर डिझाइन करणाऱ्या ग्रुपने लॉस एंजेलिसच्या उंच टॉवरांसमोर एक पाठमोरा नागडा माणूस उभा केलाय. कव्हर बघून येस वाटतच नाही. आणि आत काय, तर 'अवेकन', पंधरा मिनिटं, वेकमन स्वित्झर्लंडमध्ये व्हेवेच्या चर्चमधला ऑर्गन वाजवतोय आणि तो आवाज टेलिफोनच्या लाइनवरून माँत्रोच्या स्टुडिओत आणून रेकॉर्ड केलाय. हे ऐकताना कव्हर कोणाला आठवतं? तुमच्या लॉजिकने हा अल्बम पडायला पाहिजे होता. इंग्लंडमध्ये एक नंबरला गेला.

मिस्टर_मेलोट्रॉन
@खालची_तार अहो मी कुठे म्हटलं चांगल्या संगीताला कव्हर लागतं? वाईट संगीत चांगल्या कव्हरमुळे निभावतं असं म्हणतोय. 'टॉर्मॅटो' (१९७८) बघा ना, तो पण हिप्नोसिस, डार्टमूरमधल्या येस टॉर नावाच्या टेकडीवरून नाव ठेवणार होते, शेवटी फोटोवर टोमॅटो फुटलेला आणि नाव टॉर्मॅटो. गाणी 'टेल्स'पेक्षा कंटाळवाणी नाहीयेत, छोटी आहेत, चाली आहेत, पण त्याची बाजू घ्यायला आज एक माणूस उभा राहत नाही. तिथे मासे आणि मायन मंदिर असतं तर तुम्हीच त्याला 'गैरसमज झालेला मास्टरपीस' म्हटलं असतंत.

डी९०
मी या चर्चेतला पुरावा आहे असं समजा 😄

आम्ही 'टेल्स' ऐकला तो टीडीकेच्या डी-९० कॅसेटवर, मित्राच्या मोठ्या भावाकडून कॉपी केलेला. मासे नाहीत, मंदिर नाही, डीन कोण ते ठाऊक नाही. कॅसेटच्या आतल्या कागदावर निळ्या बॉलपेनने चार नावं लिहिलेली, त्यातलं चौथं फ्रेंच असल्यामुळे स्पेलिंग चुकलेलं. ४५ मिनिटांच्या एका बाजूत एलपीच्या दोन बाजू बसतात आणि शेवटी तीन-चार मिनिटं नुसती सर्र आवाजाची रिकामी टेप. तेव्हा कॅसेट परत गुंडाळायची म्हणजे पेन घालून फिरवायची (वॉकमनची बॅटरी कोण वाया घालवणार), त्यामुळे मधलं काही गाळणं शक्यच नव्हतं, सगळं सलग ऐकायला लागायचं.

आणि आवडला. 'द रिमेंबरिंग' सगळ्यात जास्त आवडला. ती बाजू घाईत ऐकली की काही होतच नाही असं वाटतं, पण तिथे वेकमनचे मेलोट्रॉन या कीबोर्डचे थर हळूहळू वर चढतात, मग मध्येच स्क्वायरचा बेस घुसतो आणि आख्खं गाणं चालायला लागतं. तुमचं नावच मेलोट्रॉन आणि तुम्हालाच हे ऐकू येऊ नये?

कव्हर मी खूप उशिरा बघितलं, र्‍हिदम हाऊसमध्ये, सीडीवर. तळहाताएवढं. छान आहे. पण माझा अल्बम तोवर माझ्या डोक्यात तयार झाला होता.

ठाणेकर_प्रॉग
वेकमनचं नाव निघालंच आहे तर करीचा किस्सा आलाच पाहिजे. याच अल्बमच्या दौऱ्यात मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये साहेब स्टेजवर कीबोर्डच्या मागे बसून जेवले. तो स्वतःच सांगतो की हॅमंड ऑर्गनच्या खाली पडून असणाऱ्या त्याच्या माणसाने शोनंतर काय खाणार विचारलं, याने ऑर्डर सांगितली, आणि त्याला वाटलं आत्ताच पाहिजे. चिकन विंदालू, पुलाव, पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू, भरलेला पराठा. मुंबईत जन्म गेला, बॉम्बे आलू ही काय भानगड आहे ते मला अजून कळलेलं नाही.

ज्या माणसाला आपल्याच बँडचं गाणं चालू असताना विंदालू खायला फुरसत मिळते त्या गाण्यात त्याला काम किती होतं ते समजून घ्या. रेकॉर्डिंग चालू असताना पण हा मॉर्गन स्टुडिओत शेजारी ब्लॅक सबाथ या बँडकडे जाऊन बसायचा, त्यांच्या 'सबाथ ब्लडी सबाथ'वर वाजवून पण आला. दौरा संपल्यावर बँड सोडला. मेलोट्रॉनशी सहमत, +१.

शाईवाली
इलस्ट्रेशनचं काम करते म्हणून बोलते. कव्हर 'निभावून नेतं' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणजे चित्रकार कोणीतरी पॅकिंगवाला आहे आणि खरा माल आत.

रॉजर डीन गाण्यांची चित्रं काढत नव्हता. 'फ्रॅजाइल'चं (१९७१) बघा. येससाठी त्याचं पहिलं कव्हर. एवढासा ग्रह, वर लाकडी उडतं जहाज, आणि मागच्या बाजूला तोच ग्रह फुटून तुकडे होतोय. आतल्या गाण्यांत असा ग्रह कुठे आहे? 'राउंडअबाउट' तर प्रवासातल्या डोंगर-तळ्यांचं गाणं आहे. पण हा ग्रह डीनने एकदा फोडला आणि मग पुढच्या अल्बमांत त्याचे तुकडे, हवेत तरंगणारे खडक, त्यांच्यावरून पडणारं पाणी, हे सगळं येत गेलं, 'येससाँग्ज' या तीन एलपींच्या लाइव्ह अल्बमच्या पानांवर तर तुकडे अवकाशातून प्रवास करत दुसरीकडे पोचतात. ही त्याची स्वतःची गोष्ट आहे, बँडच्या बाजूने चाललेली. 'अवतार' सिनेमातले ते तरंगते डोंगर बघून त्याने २०१३ साली जेम्स कॅमेरॉनवर केस ठोकली. पुढच्या वर्षी कोर्टाने ती फेटाळली हा भाग वेगळा, पण मुद्दा असा की त्याला ते जग आपलं वाटत होतं, येसचं नाही.

आणि 'टेल्स' हे त्याचं बेस्ट नाहीच. गर्दी झालीये त्यात. नाझ्काच्या रेषा अ‍ॅलन व्हाइटला (ड्रमर) पाहिजे होत्या, मायन मंदिर अँडरसनला पाहिजे होतं, खडक अजून कोणाला. सगळ्यांच्या फर्माइशी घेतल्या की असंच होतं (क्लायंट लोकांनो वाचताय ना). 'रिलेयर'चं (१९७४) काढा आणि शेजारी ठेवा. जवळपास सगळं राखाडी, मोठमोठे दगडी आकार, खाली इवलेसे घोडेस्वार, कोपऱ्यात साप. रंग वापरायचा मोह टाळलाय. आत 'द गेट्स ऑफ डेलिरियम', युद्धावरचं बावीस मिनिटांचं गाणं. तिथे चित्र आणि संगीत बरोबरीने चालतात, कोणी कोणाला पाठीवर घेतलेलं नाही.

मिस्टर_मेलोट्रॉन
@शाईवाली 'रिलेयर'बद्दल काही वादच नाही. पण फर्माइशींचं तुम्ही जे बोललात ते संगीताला पण लागू होतंय ना? अँडरसन आणि हाऊने हॉटेलच्या खोलीत मेणबत्त्या लावून रात्रभर बसून आराखडा केला, बाकीच्यांनी नंतर आपापलं कोंबलं.

जोजोवाला
मला तर 'राउंडअबाउट' अ‍ॅनिमेमुळे कळलं, 'जोजो'च्या एपिसोडच्या शेवटी ती गिटार आणि टू बी कंटिन्यूड. मीम्स बघून बघून पाठ झालं. कव्हर वगैरे फोनवर नखाएवढं दिसतं, त्यात मासे आहेत हे आत्ता वाचून कळलं. 'टेल्स' लावला होता, दहा मिनिटांत बंद केला. सॉरी काका लोक.

डी९०
@जोजोवाला दहा मिनिटं म्हणजे तुझ्या पिढीत चांगलंच की रे. चौथी बाजू लाव, 'रिच्युअल'. आधी स्क्वायरचा बेस ऐक, मग ते सगळे मिळून ढोल बडवतात तो भाग येतो, आणि त्या दणदणाटानंतर एकदम हाऊची गिटार आणि अँडरसनचा मऊ आवाज. तिथपर्यंत पोच आणि मग सांग.

तळटीप_वाचक
तळटिपेची एवढी टिंगल चालली आहे म्हणून लिहितो. ते पुस्तक अँडरसनला किंग क्रिमसन या बँडच्या जेमी म्युअरने सुचवलं होतं, ब्रुफर्डच्या लग्नात, १९७३ मध्ये. त्याच्या आधी 'क्लोज टू द एज'च्या मुळाशी पण हेसेची 'सिद्धार्थ' कादंबरी होतीच, नदीकाठी बसून ऐकणारा माणूस. म्हणजे एका जर्मन कादंबरीतला भारत घेऊन केलेला अल्बम सगळ्यांना मास्टरपीस वाटतो, आणि गोरखपूरच्या संन्याशाने लिहिलेल्या पुस्तकातला भारत घेतला की अती झालं?

मला तर बरं वाटतं की त्याने शास्त्र समजल्याचा आव आणलेला नाही. मंत्र कोंबलेले नाहीत, 'ओम' म्हणून घंटा वाजवल्या नाहीत, जे त्या काळात प्रत्येक दुसरा बँड करत होता. पुराणांच्या बाजूला, म्हणजे तिसऱ्या, 'द एन्शंट'मध्ये, अर्धा वेळ खडखडाट आणि हाऊची स्टील गिटार, आणि शेवटी चक्क साधी अकूस्टिक गिटार घेऊन 'लीव्ह्ज ऑफ ग्रीन'. त्याचा आणि पुराणांचा काय संबंध? काही नाही. चार प्रकार ही त्याला फक्त चौकट पाहिजे होती. चार बाजूंची सिम्फनी करायची होती, चार खण मिळाले, घेतले. तुम्ही श्रुती शोधत ऐकलंत तर निराशा होणारच.

खालची_तार
@तळटीप_वाचक जबरी मुद्दा 👏

ठाणेकर_प्रॉग
चौकट मान्य, पण चौकट आहे म्हणून भरलीच पाहिजे असं कुठे आहे? दौऱ्यात पुढे त्यांनी स्वतःच 'द रिमेंबरिंग' गाळली. बँडलाच जड झाली ती बाजू मी का उचलू? आणि सुरुवातीला तर इंग्लंडमध्ये लोकांनी अल्बम नीट ऐकलेला पण नव्हता तेव्हा आख्खा वाजवत होते.

एडिसनकर
कव्हरवर एवढा विश्वास ठेवणाऱ्यांनी 'टाइम अँड अ वर्ड' (१९७०) ची आमच्याकडची म्हणजे अमेरिकन एलपी बघावी. इंग्लंडच्या कव्हरवर नागडी बाई होती म्हणून इथे बदललं आणि बँडचा फोटो टाकला. फोटोत स्टीव्ह हाऊ. आत गिटार पीटर बँक्सची, तोवर त्याला काढून हाऊला घेतलं होतं. बिचारा बँक्स.

पुढचा 'द येस अल्बम', त्याच्या कव्हरवर कीबोर्डवाल्या टोनी केचा पाय प्लास्टरमध्ये, फोटोच्या आधी बँडच्या गाडीला अपघात झालेला. आणि मध्ये दिव्याला पुतळ्याचं डोकं टांगलंय. इतकं भंगार कव्हर आणि आत 'स्टारशिप ट्रूपर', 'युअर्स इज नो डिस्ग्रेस'. डीन यायच्या आधीच येस येस झाले होते भाऊ.

मिस्टर_मेलोट्रॉन
एवढं सगळं वाचलं. 'द येस अल्बम', 'क्लोज टू द एज', 'अवेकन', सगळे चांगल्या संगीताचेच दाखले देताय. मी विचारतोय 'टेल्स'चं. डी९० सोडून एकाने तरी सांगितलं का की कव्हर न बघता, इतिहास न वाचता, किस्से न ऐकता हा अल्बम आवडला?

आणि डी९०, तुम्ही पेन फिरवायचा आळस करून ऐकलात, त्याला आवड म्हणत नाहीत 😛

डी९०
@मिस्टर_मेलोट्रॉन मग तुम्ही गेटफोल्ड मांडीवर घेऊन बसता त्याला ऐकणं म्हणतात होय?

शाईवाली
एक प्रॅक्टिकल प्रश्न, हे सगळं वाचून परत ऐकावासा वाटतोय तर कुठली आवृत्ती घेऊ?

खालची_तार
@शाईवाली स्टीव्हन विल्सनचा २०१६ चा रिमिक्स. जुन्या एलपीत जो गिचका होतो ना, सगळे एकमेकांवर चढलेले, तो मोकळा होतो, बेस एकदम नीट सुटा कळतो. २००३ ची सीडी मिळाली तर त्यात पहिल्या बाजूच्या आधी दोन मिनिटांची सुरुवात जास्तीची आहे.

ठाणेकर_प्रॉग
अजून दोन मिनिटं?? ८० कमी पडली होती का!