तत्त्वज्ञान, अमेरिकेतला पाणी कायदा आणि प्रिव्हेंटिव्ह हेल्थ, हे तिन्ही एका पीएचडीत बसेल का?

पालथी_घागर
नमस्कार मंडळी, जरा लांबलंय, सांभाळून घ्या. कलिनाला फिलॉसॉफीत एमए केलं, मग चार वर्षं एका मेडिकल कॉलेजच्या पीएसएमच्या (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, म्हणजे आजार होऊच नये म्हणून काम करणारा विभाग) प्रोजेक्टवर फील्डला होते, म्हणजे घरोघर फिरून पाणी कुठून भरता, साठवता कशात, महिन्यात जुलाब कुणाकुणाला झाले असले फॉर्म भरायचे. मानखुर्दच्या एका वस्तीत नळाला पाणी यायचं पहाटे साडेचारला पण रांग रात्रीच लागायची, माणसांची नाही, दगडांची. दगड, फुटका डबा, एकाची तर नुसती चप्पल, आणि प्रत्येकाची जागा पक्की. एक बाई नवीन राहायला आलेली, पोराला जुलाब, धुवायला घरात पाणी नाही आणि तिचा हंडा सगळ्यात शेवटी. तिच्याशी कुणी वाईट वागत नव्हतं हो, पण पुढे पण कुणी घेतलं नाही.

मग कुठेतरी वाचलं की कोलोरॅडो, ॲरिझोना वगैरे पश्चिमेच्या राज्यांत कायदाच असा आहे, ज्याने आधी पाणी उचललं त्याचा हक्क आधी, आणि दुष्काळात सगळ्यांचं थोडं थोडं कापत नाहीत, शेवटी आलेल्याचं आधी बंद होतं. तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय, की गरज मोठी की रांगेतली जागा, आणि आजार होऊ नये म्हणून लागणारं पाणी या रांगेत कुठे उभं करायचं. एका सरांना विचारलं तर म्हणाले दोन डगरींवर हात ऐकला होता, तू तिसरी कुठून आणलीस. हा एक विषय आहे की तीन? आणि कायदा मला शून्य येतो, तर सुरुवात कुठून करू?

भांडुपचा_भाऊ
ताई विषय भारी आहे पण नंतर नोकरी कोण देणार? फिलॉसॉफीवाले म्हणणार तुम्ही डॉक्टरकीच्या, डॉक्टर म्हणणार तुम्ही वकिलीच्या. नेट-सेट आधी काढून ठेवा.

कोर्टाची_पायरी
भाऊंचं सोडा (तसं खोटं नाहीये ते). दगडांची रांग उदाहरण म्हणून झकास आहे, पण तिथला कायदा निव्वळ रांग नाही हे आधी लक्षात घ्या. रांगेत पहिला आला तरी दोन हंडे भरून बाजूला होतो. तिथे पहिल्याला तारीख मिळते आणि ठरलेलं माप मिळतं, ते माप पुरं झाल्यावर दुसऱ्याचा नंबर, आणि ती तारीख विकता येते, वारशाने जाते. सुरुवात सोन्याच्या खाणींपासून, कॅलिफोर्नियात १८५५ चा आयर्विन विरुद्ध फिलिप्स, मग कोलोरॅडोत १८८२ चा लेफ्ट हँड डिचवाला निकाल, त्यात नदीकाठच्या जमीनमालकाचा हक्क सरळ बाजूला ठेवला. योगायोग बघा, आपला ईझमेंट्स ॲक्ट पण १८८२ चाच आणि तो बरोबर उलट्या बाजूचा, काठावर जमीन असेल तर पाण्यावर हक्क.

दुसरं, तिथे हक्क टिकवायचा तर पाणी 'उपयोगात' आणावं लागतं, नाही वापरलं तर जाऊ शकतो. आणि नदीत पाणी नुसतं वाहू देणं हा उपयोग धरलाच जात नव्हता! कोलोरॅडोने १९७३ ला कायदा करून राज्याच्या एका बोर्डाला नदीतच पाणी ठेवायचा हक्क दिला, पण त्याला पण तारीख १९७३ नंतरचीच, म्हणजे रांगेत तो जवळजवळ शेवटी.

मुंबईशी नातं हवंय तर झोपडपट्टीची कट-ऑफ डेट. तारीखच ना ती पण? १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांना नळ द्यायचा नाही म्हणत होते, तेव्हा पाणी हक्क समिती हायकोर्टात गेली आणि डिसेंबर २०१४ ला कोर्टाने सांगितलं की पाणी घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतं, झोपडी नंतरची आहे म्हणून नाकारता येणार नाही. आणि अमेरिकेतलं आपल्याकडे आलेलं तत्त्व (नदी-तळी सरकारच्या मालकीची नाहीत, लोकांसाठी सांभाळायला दिलेली आहेत) बघायचं तर कमल नाथ खटल्याचा निकाल वाचा, डिसेंबर १९९६, बियास नदीचा. त्यात सुप्रीम कोर्टाने कॅलिफोर्नियातल्या मोनो लेक या तळ्याच्या १९८३ च्या निकालाची पानंच्या पानं घेतलीयत.

ओपीडी_नंतर
मी पीएसएममध्येच आहे. वरचं ते 'नदीत ठेवलेलं पाणी म्हणजे उपयोग नाही' वाचलं आणि चहा तसाच राहिला, कारण हे आमचंच दुखणं आहे. पेशंट बरा केला तर दिसतो, पेढे घेऊन येतो. जो आजारीच पडला नाही तो कुठे दाखवायचा? जेफ्री रोजचा १९८५ चा 'सिक इंडिव्हिज्युअल्स अँड सिक पॉप्युलेशन्स' हा पेपर वाचा, थोडीच पानं आहेत. जो उपाय अख्ख्या समाजाला खूप देतो तो एकेका माणसाला जवळपास काहीच दिल्यासारखा वाटत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून बजेटच्या रांगेत आमचा दगड कायम मागे. ताई, तुमचा विषय हाच आहे, न वापरलेलं पाणी आणि न झालेला आजार, दोघांना हिशोबात जागा नाही. तीन विषय नाहीत हे, एकच आहे. जॉन स्नो आणि १८५४ चा लंडनच्या कॉलऱ्याचा पंप मात्र एका परिच्छेदात उरका, प्रत्येक थिसिसमध्ये तोच असतो, कंटाळा आलाय.

त्या बाईचं पुढे काय झालं?

तर्कटराव
तत्त्वज्ञानाची बाजू कुणी घेतलीच नाही म्हणून. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञापासून सुरू करा. झऱ्यातलं पाणी सगळ्यांचं पण घागरीतलं ज्याने भरलं त्याचं, हे त्याने १६८९ मध्येच लिहून ठेवलंय. आणि त्याच्या जरा आधीच अट, की इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. अमेरिकेच्या पश्चिमेतल्या कायद्यात घागरीचं वाक्य दिसतं, अट बहुतेक वाटेतच सांडली. आणि गंमत, लॉक स्वतः डॉक्टरकी करायचा, १६६८ मध्ये लॉर्ड ॲशलीच्या यकृताचं ऑपरेशन त्याच्याच देखरेखीखाली झालं. सरांना सांगा, ही तिसरी डगर लॉकने आणली.

सासवडचा_डोंबिवलीकर
मी कुठला स्कॉलर नाही. आमच्या पुरंदरात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंख्यांनी नायगावला पाणी पंचायत काढली, तिथे पाणी जमिनीवर नाही, माणसांवर, माणशी अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. आणि जमीन विकली तर पाणी जमिनीबरोबर जात नाही, पंचायतीकडे परत. आमचे आजोबा उसासाठी लई भांडले, शेवटपर्यंत म्हणायचे हा काय न्याय झाला, विहीर माझी आणि हिशोब डोक्यांचा. वर साहेब म्हणतात ना तारीख विकता येते, त्याच्या बरोबर उलट हे, कुठेतरी घालून टाका थिसिसमध्ये.

पालथी_घागर
सगळ्यांचे खरंच आभार, रात्री दीडपर्यंत वाचत बसले. आता प्रश्न लहान करतेय: न वापरण्याला हक्कात जागा कशी मिळते, एका बाजूला १९७३ चा कोलोरॅडो आणि दुसऱ्या बाजूला २०१४ चा मुंबईचा निकाल. अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींचं पण घ्यायचं होतं, १९०८ च्या विंटर्स निकालाने आदिवासींच्या राखीव जमिनींना जुन्या तारखेचं पाणी कागदावर मिळालं पण कितीतरी घरांत नळ नाही, कोविडमध्ये हात धुवा सांगत होते तेव्हाही नव्हता, आणि २०२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार म्हटलं की पाणी मिळवून द्यायला सरकार करारानुसार बांधील नाही. पण त्याचं वेगळं प्रकरण करावं लागेल, नाहीतर सर पुन्हा डगरी मोजतील. सासवडकर दादा, आजोबांचं भांडण नीट सांगाल का फोनवर? लई उपयोगाचं आहे.

डॉक्टर, त्या बाईचं विचारलंत. पोरगं ओआरएसवर बरं झालं. पुढच्या वर्षी सर्व्हेला गेले तेव्हा तिचा दगड तिसरा होता, वर ऑइलपेंटने नाव लिहिलेलं, आणि मागे नवीन आलेल्या एकीला ती सांगत होती, पाळी मोडायची नाय.