मॅस्टडॉनवर पाच उरले, ब्लूस्कायवर सतरा. असं का?

पाणथळ_नाशिक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा प्रश्न मनात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दर हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला पक्षी मोजायला जाणारा आमचा सव्वीस जणांचा गट आहे. निवृत्त शिक्षक, दोन डॉक्टर, एक द्राक्ष बागायतदार, बाकी कॉलेजची पोरं. आमच्या नोंदी ट्विटरवर असायच्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये मस्क यांनी ते विकत घेतलं आणि मी सगळ्यांच्या मागे लागले, की मॅस्टडॉनवर जाऊ. ते ट्विटरसारखंच, पण तिथे मालक एक नाही. हजारो सर्व्हर आहेत आणि ते एकमेकांशी बोलतात. आपल्या नोंदी कुणा एकाच्या मर्जीवर राहणार नाहीत, हे मला मनापासून पटलं होतं. आजही पटतं.

एकोणीस जणांनी खाती काढली. संक्रांतीपर्यंत पाच उरले.

पहिली अडचण दारातच आली: 'कुठला सर्व्हर निवडू?' आमचे गुरुजी एकाहत्तर वर्षांचे. त्यांनी मला तीनदा फोन केला. एकोणीस जण सहा सर्व्हरवर विखुरले. मग एकमेकांना शोधायचं कसं? 'थापट्या' असं बदकाचं नाव टाकून शोधलं तर काहीच येईना, कारण तेव्हा फक्त हॅशटॅगच सापडायचे. आणि हॅशटॅग कुणी 'नांदूर' लिहिला, कुणी 'नांदुर', कुणी रोमन लिपीत. एकाच तळ्याची तीन तळी झाली. गुरुजींनी चक्रवाकांच्या थव्याचा सुरेख फोटो टाकला होता, त्यावर चार दिवस एकही उत्तर नव्हतं. नंतर त्यांनी काही टाकलंच नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कॉलेजच्या एका मुलीने ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच दुसऱ्या जागी आमच्या गटाचा 'स्टार्टर पॅक', म्हणजे सगळ्यांच्या खात्यांची एक यादी, केला आणि दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. एक बटण दाबलं की सगळ्यांनी सगळ्यांना फॉलो केलं. पहिल्याच संध्याकाळी गप्पा सुरू झाल्या. सतरा जण अजून आहेत, गुरुजी धरून.

पण ब्लूस्कायचा बहुतेक सगळा डोलारा आज एकच कंपनी चालवते, हे मला माहीत आहे. म्हणून विचारते: जे जास्त विकेंद्रित, तिथे माणसं कमी टिकतात, असाच नियम आहे का?

वकिली_वाचक

ताई, मी २०१९ मध्येच मॅस्टडॉनवर गेलो होतो. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं आणि त्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडची पुष्कळ मंडळी रागाने तिकडे गेली. पहिला आठवडा भारावलेला होता. मग राग ओसरला. संपादक, न्यायालयाचे वार्ताहर, ज्यांचं वाचायला आम्ही ट्विटर उघडायचो, ते तिथेच होते. आम्हीही परतलो.

ब्राझीलचं बघा. ३० ऑगस्ट २०२४ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मोराइस यांनी एक्स (म्हणजे आपलं जुनं ट्विटर) देशात बंद करायचा आदेश दिला. काही दिवसांतच वीस लाखांवर नवी खाती ब्लूस्कायवर निघाली. तिथे परतायचं दारच महिनाभर बंद होतं, त्यामुळे नवीन जागी पोर्तुगीज बोलणारी वस्ती जमायला वेळ मिळाला. आम्हाला तो मिळाला नाही, कारण जुनं घर उघडं होतं. विकेंद्रित असण्यानसण्यापेक्षा मला हे कारण मोठं वाटतं.

सर्व्हर_सांभाळणारा

पुण्यातून एक छोटा मॅस्टडॉन सर्व्हर चालवतो, साठेक खाती आहेत. ताईंची तक्रार शंभर टक्के खरी आहे, तरी मॅस्टडॉनची बाजू मांडतो. शोध नव्हता तो विसरून राहिलेला नव्हता. शब्द शोधून अनोळखी लोकांवर तुटून पडणाऱ्या झुंडी ट्विटरवर पाहिल्या होत्या, म्हणून तो मुद्दाम ठेवला नव्हता. सप्टेंबर २०२३ च्या ४.२ आवृत्तीत आला, तोही ज्याने परवानगी दिली त्याच्याच नोंदींपुरता. सर्व्हर निवडायचा गोंधळही मे २०२३ पासून कमी झाला, अधिकृत अ‍ॅप आता थेट त्यांच्याच मोठ्या सर्व्हरवर खातं काढून देतं. पण २०२२ ची लाट तोवर ओसरली होती. तेव्हा महिन्याला वापरणारे पंचवीस लाखांच्या आसपास गेले होते.

तरीही 'विकेंद्रित म्हणजे ओस' हे मला मान्य नाही. जपानात एप्रिल २०१७ मध्ये पिक्सिव्ह या चित्रकारांच्या संकेतस्थळाने पावू नावाचा मॅस्टडॉन सर्व्हर काढला आणि तो बघता बघता सगळ्यात मोठ्यांपैकी एक झाला. कारण चित्रकार आधीच एकमेकांना ओळखत होते आणि सगळे एकाच दारातून आत आले. तुमचे एकोणीस जण सहा दारांतून गेले. एकाच सर्व्हरवर असते, तर त्याच्या स्थानिक टाइमलाइनवर, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या नोंदी दिसतात त्या पानावर, चक्रवाक सगळ्यांना दिसले असते.

ठाण्याची_मीनल

इन्स्टाग्रामवाल्यांच्या थ्रेड्सलाही हेच लागू आहे ना? जुलै २०२३ मध्ये पाच दिवसांत दहा कोटी खाती, कारण इन्स्टाग्रामची ओळख तशीच उचलून आत जाता येत होतं. मॅस्टडॉनच्या सर्व्हरशी ते बोलायला लागलं नंतर, आणि त्यासाठी कुणी आलं असेल असं मला वाटत नाही.

पाणथळ_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. 'सहा दारं' हे वाचलं आणि डोक्यात लख्ख झालं. मी लोकांना तत्त्व समजावत बसले, आणि पहिल्या संध्याकाळी त्यांना एकमेकांचा आवाज ऐकू येईल याची सोय केली नाही.

पण मॅस्टडॉन सोडणार नाही. तिथल्या पाचांपैकी दोघं दुसरीकडे यायला तयार नाहीत, आणि त्यांची भूमिका मला पटते. ब्रिजी फेड नावाचा पूल आहे, तो दोन्हीकडच्या नोंदी इकडून तिकडे नेतो. मात्र ज्याने त्याने स्वतः तो चालू करावा लागतो. परवा गुरुजींच्या घरी जाऊन त्यांच्या खात्यावर चालू करून दिला. त्यांनी लगेच भोवत्या या शिकारी पक्ष्याचा फोटो टाकला. थोड्या वेळाने मॅस्टडॉनवरून आमच्या बागायतदारांचं उत्तर आलं: 'गुरुजी, मादी आहे का?'

सर्व्हर_सांभाळणारा

उरलेल्या सोळांनाही चालू करायला सांगा. ज्यांनी केला नसेल, त्यांची उत्तरं पलीकडे पोचणार नाहीत. काही अडलं तर इथेच विचारा.