मुलांच्या खोलीत बंक बेड करावा का? (सी विंगच्या ग्रुपवरून)

सी-३०२ : नमस्कार मंडळी. मुलांच्या बेडरूमचं काम काढतोय. खोली १० बाय ११. लेक सातवीत, धाकटा सिनियर केजीत. सुतार म्हणतो बंक बेड करा, जागा वाचेल. कोणाकडे आहे का?

सी-५०४ : होता. काढला. वरची चादर बदलायला कोण चढणार? शेवटी वर रजया आणि रॅकेटी.

सी-१०१ काका : ताई, पंखा कुठे आहे?

सी-३०२ : छताला, मधोमध. सगळ्यांचा असतो तिथेच.

सी-१०१ काका : मग हिशेब करा. पलंग ११ फुटी भिंतीला लावलात तर पंख्याचा मध्य भिंतीपासून ५ फुटांवर. पंखा नेहमीचा १२०० एमएमचा असेल तर पात्याचं टोक मध्यापासून २ फुटांवर. राहिले ३ फूट, आणि पलंगाची रुंदीच ३ फूट! पातं बरोब्बर पलंगाच्या कडेवर फिरणार. आपल्याकडे पंखा जमिनीपासून साधारण ८ फुटांवर असतो, वरची गादी येईल सव्वापाचवर. पोरगं गादीवर उभं राहून हात वर करणार नाही याची खात्री देता?

सी-३०२ : बापरे. सुतार यातलं काहीच बोलला नाही.

सी-५०४ : तो कशाला बोलेल, त्याचं बिल स्क्वेअर फुटावर.

सी-६०१ : बहीण न्यू जर्सीला असते. तिकडे बंक बेडवरच इशारा छापलेला असतो, ६ वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका. तुमचा ५ चाच ना?

सी-३०२ : हो. पण वर ताई झोपेल, तो खाली.

सी-६०१ : झोपायला खाली, खेळायला वर. दोन मुलगे वाढवलेत मी.

सेक्रेटरी : उद्या टाकी धुणार आहेत. ११ ते ३ पाणी नाही. सकाळीच भरून ठेवा.

सी-२०३ वहिनी : पलंगाखालून ओढायचा दुसरा पलंग करा ना. दिवसा आत, रात्री बाहेर.

सी-३०२ : तोही विचार केला. पण धाकटा ९ ला झोपतो, ही ११ पर्यंत वाचत बसते. खालचा पलंग ओढला की तिची खुर्ची मागे सरकत नाही.

सी-६०१ : लेकीला काय हवंय?

सी-३०२ : काल विचारलं. पलंगाबद्दल एक शब्द नाही. कपाटाचा एक कप्पा कुलपाचा हवा, स्वतःचा दिवा हवा, आणि कपडे बदलताना भावाने आत यायचं नाही. म्हणून हे म्हणतायत मधे प्लायचं पार्टिशनच टाकू.

सी-१०१ काका : अजिबात नको. खिडकी एकच. एकीला वारा, दुसऱ्याला कोंदट अंधार. त्यापेक्षा दोन साधे सिंगल पलंग काटकोनात लावा. एकाची रुंदी ३ आणि दुसऱ्याची लांबी सव्वासहा, म्हणजे सव्वानऊ झाले. १० फुटी भिंतीत बसतं. लेकीच्या पलंगाभोवती फक्त पडदा, रॉड पंख्याच्या बराच खाली घ्या. तिच्या उशाशी दिवा आणि स्वतंत्र बटण. टेबल खिडकीपाशी, दीड फूट रुंद पुरतं.

सी-२०३ वहिनी : आणि कपाटाला सरकती दारं. उघडणारी दारं पलंगाला आपटतात, आमच्याकडे रोजचं आहे.

सी-३०२ : कपाट बाथरूमच्या भिंतीला येतंय. चालेल?

सी-५०४ : आमच्या त्याच भिंतीला ओल येते. मागे दोन बोटं जागा सोडा, नाहीतर पावसाळ्यात कपड्यांना बुरशी. आणि तेवढ्या कपाटाला ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय घ्या. बाकी खोलीला ३०३ चा साधा पुरतो, कॉन्ट्रॅक्टर सगळीकडे ७१० लावून बिल फुगवेल.

सी-३०२ : फॉल्स सीलिंगही म्हणतोय.

सी-१०१ काका : म्हणजे पंखा आणखी खाली. म्हणू दे.

सी-३०२ : ठरलं मग, दोन पलंग काटकोनात आणि पडदा. कप्प्याची किल्ली मात्र एक माझ्याकडे राहील.

सी-६०१ : तिला सांगूनच ठेवा हो ती.

सेक्रेटरी : ताई, काम सुरू करण्याआधी ऑफिसात अर्ज द्या. ड्रिलिंग १० ते १ आणि ४ ते ६, रविवारी बंद. ८ बाय ४ चा प्लाय लिफ्टमध्ये बसत नाही, खालीच कापून घ्या. जिन्याच्या भिंतीला ओरखडे पडले तर रंग तुमच्याकडे.

सी-५०४ : आमचा एक सिंगल पलंग पडून आहे, सागवानी. सुताराला सांगायच्या आधी संध्याकाळी टेप घेऊन या.

सी-३०२ : सातला येते. लेकीलाही आणते.