घाम आला की आधी साखर तपासा

तुमच्या वडिलांना हृदयाची गोळी सुरू झाल्यापासून त्यांची साखर वाढली, असं तुम्ही लिहिलंय. होऊ शकतं. मेटोप्रोलॉलने (हृदयाचे ठोके मंदावणारी, बीटा ब्लॉकर प्रकारची गोळी) थोडी वाढते, स्टॅटिननेही (कोलेस्टेरॉलची गोळी) किंचित. पण मला जास्त धास्ती साखर उतरण्याची वाटते. माझी आई मेटोप्रोलॉल आणि ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी मधुमेहाची गोळी) दोन्ही घेते. एकदा पहाटे तिची उशी घामाने भिजलेली, पण हात थरथरत नव्हते, धडधडही नाही. मीटरवर साखर फक्त 54! बीटा ब्लॉकर साखर उतरल्यावर शरीरात सुटणाऱ्या ॲड्रेनॅलिनचा परिणाम दाबतात, म्हणून या दोन खुणा लपतात. घाम मात्र फुटतोच. लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, 15 मिनिटांनी पुन्हा तपासली. वडिलांची गोळी स्वतःहून बंद करू नका, अचानक थांबवली तर छातीत दुखणं बळावू शकतं. साखरेच्या नोंदींची वही डॉक्टरांना दाखवा आणि मेटोप्रोलॉलऐवजी कार्व्हेडिलॉल (साखर सहसा न वाढवणारा बीटा ब्लॉकर) चालेल का, ते विचारा.